आयकता का?

४ मे, रविवार. अकोला

नळ: आले नाहीत. (हे सकाळी सातला लिहिलं. चूक. खाली वाच.)

आज चौथा दिवस, म्हणजे आपला नळाचा. पाचपासून ओसरीत खाटेवर जागा होतो. बोळातल्या नळाची तोटी आम्ही उघडीच ठेवतो. पाणी यायच्या आधी पाइपातली हवा निघते, सुस्स करते, ती ऐकली की उठायचं. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात फिटर होतो, ती हवा मला झोपेतही कळते. सौ. घड्याळाला गजर लावत नाही. तिचा गजर मीच.

सात वाजले तरी काही नाही. डोकं फिरलं. बनियनवर तसाच पुढच्या दाराने सलीमकडे गेलो. सलीम आमच्या भागाचा व्हॉल्वमन, माझ्याच हाताखाली शिकलेला. म्हटलं, व्हॉल्व खोलायला विसरलास काय रे? तो चहा पीत होता. "उस्ताद, सवा पाँच बजे खोला. पूरे मोहल्ले ने भर लिया." मी त्याला चारचौघांत नाही नाही ते बोललो. त्याने मान खाली घातली, कप बाजूला ठेवला.

परत येऊन बोळात पाहिलं. नळाखालची बादली काठोकाठ. फरशी ओली, मोरीपर्यंत ओघळ. दीड-दोन तास पाणी पडत होतं आणि भिंतीच्या या बाजूला मी टक्क जागा. डाव्या कुशीवर.

सौ. म्हणाली, "मी तं कूलरपाशी होते, मले कायले आयकू येते? तुमी ओसरीत होते नं?" डोळा लागला म्हणालो. खोटं.

टाकं अर्धं. त्यात चार दिवस.

५ मे, सोमवार

उ. कान (उजवा, यापुढे असंच लिहीन) तपासला. मनगटी घड्याळ डाव्या कानाला: टिकटिक. उ. ला: काही नाही. घड्याळ बंद पडलं वाटून पुन्हा डाव्याला लावलं. चालू होतं.

गेल्या दिवाळीपासून वाटत होतं. मळ असेल, सर्दी असेल. तेल घालून पाहिलं. आता काय ते दिसलंच.

पण एक गंमत. दुपारी सौ. ने ताजे पापड भाजले. चावताना कुर्रकुर्र उ. कानात उलट जास्त. जो कान बाहेरचं ऐकत नाही तो आतलं मोठ्याने कसा ऐकतो? स्वतःचं खाकरणंही तिकडेच घुमतं. कारण कळत नाही. नोंद करून ठेवतो.

सलीमकडे जाऊन चुकलो म्हणायला हवं. जमलं नाही.

९ मे, शुक्रवार

काल नळ. पाचचा गजर मोबाइलवर लावला, उशीखाली ठेवला, थरथर डोक्याला कळते. सौ. ने मोबाइल पाहिला, परत उशीखाली सारला.

आज अमरावतीहून नितीनचा फोन. दोन गोष्टी.

एक. ओवीचं नक्की. रुपालीला, म्हणजे सूनबाईला, नागपूरला नर्सिंगचा वर्षाचा कोर्स मिळाला. नितीन खताच्या कंपनीत, महिन्याचे वीस दिवस फिरतीवर. म्हणून नात आमच्याकडे. दुसरीत अकोल्यात नाव घातलं. जूनअखेर शाळा सुरू. शाळा पुलापलीकडे, स्कूटीवर नेणं-आणणं माझ्याकडे. "बाबा, तुमी हाव म्हनून मी बिनघोर हाव," म्हणाला. मला इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावर अंगणात उगाच दोन चकरा मारल्या. घरात लेकरू येणार. सात वर्षांचं, प्रश्न विचारणारं.

मग कान आठवला.

पुलावरून स्कूटी. मागून ट्रक. आणि हॉर्न उजवीकडून.

सांगितलं तर ओवी येणार नाही. नितीन हो म्हणेल, पण रुपाली दवाखान्यातली बाई, ती नाही म्हणेल आणि तिचं बरोबर असेल. म्हणून सांगत नाही. निदान आज नाही.

दुसरी गोष्ट: १७ तारखेला सगळ्यांनी वॉटरपार्कला जायचं. मोझरीच्या पुढे नवीन निघालाय, बंद छताखालचा, राहायच्या खोल्या त्यातच. ऊन लागत नाही म्हणे. छताखाली पाणी म्हणजे मोठी टाकीच झाली. पाहायला हवं.

१३ मे, मंगळवार

सौ. ची तयारी. चिवडा, शंकरपाळे, लोणचं. आणि पाण्याच्या चार बाटल्या. म्हटलं, पाण्यात चाललोय आपण. "त्या पान्यात पोट्टे मुतत असतीन. प्याचं कुठून?" मी चारही बाटल्या पिशवीत भरल्या.

ओवीचा व्हिडिओ फोन. "आबाजी, तिथं नायलॉनचीच चड्डी लागते. सुती घालून जाऊ देत नाहीत." मी म्हटलं, काहून? "मले नाई माहीत. तुमी शोधा." असा गृहपाठ मला ती नेहमी देते. माझा अंदाज: सुताचे तंतू सुटतात, फिल्टर चोंदतो. तिथे विचारून खात्री करायची.

विचारायच्या गोष्टी:
पाणी कुठून. किती दिवसांनी बदलतात. वाळूचा फिल्टर की आणखी काही. क्लोरीन कोण मोजतो.

१७ मे, शनिवार. रिसॉर्ट, खोली

सकाळच्या एसटीने अमरावती, तिथून नितीनच्या गाडीने. गुरुकुंज आश्रमावरून जाताना सौ. ने गाडीतूनच हात जोडले. बाहेर अशी आग की डांबर चकाकत होतं.

आणि मग हे. गोदामासारखं लांबच लांब छत, काचेच्या खिडक्या, आत गारवा. निळं पाणी, पिवळ्या-लाल घसरगुंड्या, वरून खोटा पाऊस. आवाज मात्र विचित्र. लेकरांच्या किंचाळ्या, गाणी, पाण्याची धार, सगळं छताला आपटून एकच गोळा. डाव्या कानालाही त्यातून काही निवडता येईना. लोक तोंडं हलवत होते आणि मी हसून मान डोलवत होतो. रुपालीने बहुधा पोहे खाणार का विचारलं आणि मी "हो, फारच छान बांधलंय" म्हणालो. ती जरा थांबून माझ्याकडे बघत राहिली.

सौ. चं आल्या आल्या काय, तर खोलीतल्या न्हाणीघरात नळ सोडून पाहिला. आला. तिने बादली भरली. मग प्लास्टिकचा मग. मग चहाची किटली. मग कचऱ्याचा डबा धुऊन तोही. रुपाली दारात उभी राहून हसत सुटली. "आई, इथं चोवीस तास पानी येते."

"आता येऊन राह्यलं. सकायी नाई आलं तर?"

रुपालीने शेवटचा तांब्या स्वतः भरून दिला. गुणी पोरगी आहे.

तिथे एक भलीमोठी बादली उंच टांगलेली आहे. हळूहळू भरते, घंटा वाजते, आणि भरली की सगळीच्या सगळी खालच्या लोकांवर उलटते. दर पाच-सात मिनिटांनी. लोक मुद्दाम खाली उभे राहतात. सौ. खुर्चीवर बसून होती आणि दर वेळी बादली कलली की हिचा हात पुढे जायचा, सावरायला. शेवटी तिने तिकडे पाठ केली. "मले पाहावत नाई. भरल्यावर उलटी करतेत."

मी नायलॉनच्या भाड्याच्या चड्डीत. गुडघ्यापर्यंत, त्यावर नारळाची झाडं. नितीनने फोटो काढला. माझ्या खात्यातल्या कोणाला दिसू नये एवढीच इच्छा.

सुती चड्डीचं काउंटरवरच्या पोराला विचारलं. "सर, रूल आहे." हे उत्तर नाही.

१८ मे, रविवार. अमरावती, नितीनच्या घरी, संध्याकाळ

लिहायचं मन नाही. तरी आजचं आजच लिहितो.

लाटांचा तलाव आहे. एका बाजूने उतरता, नदीच्या घाटासारखा. अर्ध्या तासाने भोंगा वाजतो, मग यंत्राने लाटा सोडतात. अकराच्या सुमारास ओवी आणि मी त्यात. तिच्या अंगात फुगीर जाकीट, माझ्या कमरेएवढं पाणी, तिचा हात माझ्या हातात. काठावर सौ. बसलेली, मी तिला हात करत होतो. म्हणजे तोंड काठाकडे, पाठ पाण्याकडे.

भोंगा वाजला असणार. सगळे वळले, हे मला दिसलं. मला वाटलं, कोणीतरी घसरगुंडीवरून पडलं म्हणून बघतायत. ओवी हात ओढत होती. मी म्हटलं, थांब बाळा, आजीला दाखवू.

लाट मागून आली. पाय गेला. ओवीचा हात सुटला.

दोन श्वास. तेवढाच वेळ. पण मला ती दिसत नव्हती. मग तिथली शिट्टीवाली मुलगी ओवीला काखेत धरून उभी दिसली. ओवीला ठसका लागला होता. खोकून झाल्यावर म्हणाली, "अजून एकदा!" तिला काही झालं नाही. काहीही झालं नाही, हे मी दहा वेळा लिहिलं तरी थोडंच.

नितीन धावत आला. "बाबा, एवढा मोठा भोंगा वाजला! कुठं लक्ष होतं?"

"आईकडे बघत होतो," म्हणालो.

हे खरंही आहे आणि खोटंही. ओवी माझ्याकडे बघत होती.

माझी लाज वाटली मला. त्या गर्दीतून निघालो आणि दिसेल त्या दाराने बाहेर. ते दार यंत्रघराचं निघालं. आत विलास नावाचा तिवशाचा माणूस, पंप बघतो. मला हाकलायचा त्याचा विचार होता, पण मी सवयीने पहिलाच प्रश्न केला, बॅकवॉश दिवसातून किती वेळा? त्याने मला खालून वर पाहिलं, नारळाच्या झाडांसकट. "काका, तुमी लायनीतले दिसता."

मग काय. त्याने सगळं दाखवलं. वाळूचे सहा फिल्टर, रोज सकाळी उलटं पाणी सोडून धुतात. पाणी बदलत नाहीत, तेच फिरवतात. उडालं, सांडलं, लोकांच्या अंगावर गेलं तेवढंच भरतात. सुताच्या तंतूंचा माझा अंदाज बरोबर! सगळा चिकटा वाळूवर बसतो म्हणाला. दहा मिनिटं मी ओवीला, लाटेला, सगळ्याला विसरलो. माझा स्वभावच असा आहे, काय करणार.

तिसऱ्या पंपाची थरथर हाताला वेगळी लागली. म्हटलं, बेअरिंग बघितलं का? तो म्हणाला, आवाज तर बरोबर आहे. मी त्याच्याकडचा लांब पेचकस मागून घेतला. टोक पंपाच्या अंगावर, मूठ कानाशी. आम्ही गळती अशीच शोधायचो, सळईने. रस्त्यावर सळई टेकवायची, वरची पितळी वाटी कानाला. चौतीस वर्षं हात आपोआप एकाच कानाकडे जायचा, आजही गेला. उ. कानाकडे.

आणि मी ऐकलं.

मूठ कानामागच्या हाडाला टेकली होती. पंप आतून बोलत होता. स्वच्छ. पाण्याचं घुमणं वेगळं, मोटारीची गुणगुण वेगळी, आणि त्यामागे बारीक करकर, बेअरिंग जायला लागल्याची. उ. कानात. मेलेल्या कानात. पेचकस काढला: काही नाही. टेकवला: सगळं. सहा-सात वेळा केलं. विलासला वाटलं मी फार काळजीपूर्वक तपासतोय.

डोळ्यांत पाणी आलं. क्लोरीन आहे म्हणालो.

निघायच्या आधी खोलीत ओवीचे केस पुसत होतो. ती वळून माझ्या डाव्या बाजूला आली आणि कानाशी लागून बोलली. "आबाजी, तुमचा तो कान झोपलेला आहे नं? मले कवाचं माहीत आहे. मी म्हनून याच बाजूनं बसते. मी कोनाले नाई सांगत. आपन शाळेत जाऊ नं, तवा हॉर्न मी आयकीन, तुमी फक्त चालवा."

सात वर्षांच्या लेकराने माझ्यासाठी खोटं सांभाळायचं. आणि पुलावर माझे कान व्हायचं. हे नाही चालणार. हे कळायला मला एक लाट लागली.

१९ मे, सोमवार. अकोला

बसमध्ये सौ. शेजारी. सांगायचं ठरवलं. बोरगाव आलं, गेलं. अकोला आलं. नाही सांगितलं.

२० मे, मंगळवार

नळ: आले, ५.२०.

माळ्यावरून सळई काढली. निवृत्तीनंतर चार वर्षं तिथेच. गंज पुसला. बोळातल्या पाइपाला टोक, वाटी उ. कानामागच्या हाडाला. पाच वाजून चौदा मिनिटांनी दूर कुठेतरी खटका, मग घरघर. सलीमने व्हॉल्व खोलला! तीन गल्ल्या पलीकडे! हवा नळाशी यायच्या सहा मिनिटं आधी. नोकरीतही कधी इतकं लवकर पकडलं नव्हतं.

२१ मे, बुधवार

प्रयोग. घड्याळ हाडाला दाबून: टिकटिक आहे. घड्याळ कानाशी, न टेकवता: नाही. ताटाला चमचा मारून ताटाची कड दातांत धरली: घंटा! तीही उ. कानात जास्त. सौ. स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, मी ताट चावत होतो. तिने विचारलंसुद्धा नाही. हे मला खटकलं. ही बाई प्रत्येक गोष्ट विचारते.

म्हणजे असं: आतलं पाणी चालू आहे. मेन लाइन ठीक. घरात येताना कुठेतरी तोटीपाशी अडलंय. खरं असेल का? की मीच मला समजूत घालतोय?

२४ मे, शनिवार

नळ: आले, ५.२५. सगळं भरलं.

भरून झाल्यावर सौ. पायरीवर बसली. तिच्यासमोर बसलो आणि सांगून टाकलं. दिवाळीपासूनचं. बादलीचं. भोंग्याचं.

ती पदराने हात पुसत राहिली. मग म्हणाली, "मले माहीत होतं."

कसं?

"तुमाले कवापासून आयकता का म्हटलं नाई मी, ध्यानात आहे का?"

नव्हतं. खरंच नव्हतं. लग्नाला सदतीस वर्षं. नाव घ्यायची पद्धत नाही, तेव्हा तिने मला एकाच शब्दाने बोलावलं. आयकता का, भाजी आणा. आयकता का, दार लावा. घरात दिवसातून पन्नास वेळा. तोच शब्द नाहीसा झाला आणि मला पत्ता नाही. ती समोर येऊन बोलायची, खांद्याला हात लावायची, मला वाटायचं वय झालं तशी माया वाढली.

"दिवायीत दोनदा म्हटलं, तुमी ओ नाई देली. पाठमोरे होते. तिसऱ्यांदा म्हनाची माही हिंमतच नाई झाली. ओ आली नाई तं?"

रागावलो. इतके दिवस गप्प का राहिलीस म्हणालो. ती म्हणाली, "तुमी काहून राह्यले?" मग दोघंही उठलो. चहा तिने केला, कप मी विसळले.

२५ मे, रविवार

नितीनला फोन. स्पीकरवर. तो बराच वेळ काहीच बोलला नाही, मला वाटलं मला ऐकू येत नाहीये. शेवटी म्हणाला, "बाबा, त्या दिवशी तुमी खोटं बोलले माह्याशी." हो म्हणालो.

रुपालीने फोन घेतला. ती रडत होती, पण कामाचं तेच बोलली: कानाच्या डॉक्टरला दाखवा, मग बघू. तोवर ओवीचं अकोल्याचं थांबवू. परतवाड्याला तिची आई आहे, तिकडे ठेवता येईल.

योग्य आहे. मी तिच्या जागी असतो तर हेच. पण दुपारी जेवण गेलं नाही. पुढच्या खोलीत ओवीसाठी टेबल आणून ठेवलंय. त्यावर आता पापड वाळतायत.

२९ मे, गुरुवार

कानाची डॉक्टर. तरुण बाई. तिने लोखंडी चिमट्यासारखं एक काढलं, गुडघ्यावर आपटलं, ते गुणगुणायला लागलं. आधी कानासमोर धरलं. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला.

मी हसायला लागलो. म्हटलं, मॅडम, ही तर माझी सळई, लहान.

तिला सगळं सांगितलं, पंप, ताट, तीन गल्ल्यांपलीकडचा व्हॉल्व. तिने पेन ठेवून ऐकलं. तपासणी स्वतःच करून आलेला रुग्ण पहिलाच म्हणाली. माझं म्हणणं बरोबर निघालं. आतली नस चांगली दिसते. बाहेरचा आवाज आत नेणारी बारीक हाडं असतात, ती कुठेतरी जखडलीयत. पण डाव्या कानातही सुरुवात आहे. ऑपरेशनने फरक पडू शकतो, नाहीही. यंत्र लावता येईल. किती, कसं, ते मोठी तपासणी झाल्याशिवाय सांगणार नाही. ती अमरावतीला, ७ जूनला.

"स्कूटी?" मी विचारलं.

"रिपोर्ट येईपर्यंत नातीला मागे बसवू नका."

खोटा धीर दिला नाही, हे आवडलं. आवडलं आणि लागलंही.

१ जून, रविवार

नळ: आले, ५.१८. सळईवर ५.१२.

सलीमकडे गेलो. चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांतच म्हणालो, त्या दिवशी तू व्हॉल्व खोलला होतास, माझा कान बंद होता. तो उठून उभा राहिला. "उस्ताद, मुझे लगा मुझसे ही कुछ चूक हुई. दूसरे दिन जाके वो व्हॉल्व फिर से देखा." आणखी अपराधी वाटलं. त्याला सळई दाखवली, कान नाही, हाड. त्याने करून पाहिलं. "ये तो आपने कभी सिखाया नहीं!" मलाच कुठे माहीत होतं.

५ जून, गुरुवार

नळ: आले, ५.३०.

ओवीचा फोन. रुसलेली. परतवाड्याची आजी चांगली आहे पण तिच्याकडे सळई नाही म्हणाली (सळईचं मी तिला मागच्या फोनवर सांगितलं होतं). मग हळूच, "आबाजी, मी सांगितलं नव्हतं हं. तुमीच सांगितलं." मी म्हटलं, हो, मीच. पुन्हा माझ्यासाठी असं काही लपवायचं नाही. ती म्हणाली, "बरं. मंग शनिवारी पास व्हा." मी म्हटलं, अभ्यास तर केलाय.

तिला एक उत्तर द्यायचं राहिलं होतं, नायलॉनच्या चड्डीचं. दिलं. तिने लिहून घेतलं.

७ जून, शनिवार

सातची बस. रुपाली तिथे स्टँडवर येणार. टेबलावरचे पापड काल सौ. ने डब्यात भरले, टेबल पुसलं. का पुसलं, तिला विचारलं नाही.

रिपोर्ट आजच मिळेल म्हणे. त्यावर ओवीचं ठरेल, सोमवारी शाळेला कळवायचं आहे. रात्री झोप लागली नाही असं लिहिणार होतो, पण लागली. भीती आहे. आणि तपासणीची ती बंद खोली कशी असते, आवाज कुठून सोडतात, हे बघायची उत्सुकताही आहे. दोन्ही खरं.

आत्ता चप्पल घालायला दाराशी वाकलो होतो, पाठ स्वयंपाकघराकडे. ती आत डबा बांधत होती. मोठ्याने नाही, ओरडून नाही, दिवाळीआधी म्हणायची तेवढ्याच आवाजात म्हणाली,

"आयकता का?"

मी ओ दिली.

कानाने ऐकून दिली की सदतीस वर्षांच्या सवयीने, ते मला सांगता येणार नाही. वळून पाहिलं तर ती डबा हातात धरून तशीच उभी होती. पुढे काय सांगायचं होतं ते तिने सांगितलंच नाही. बस चुकेल आता.